आप्पांना झोप लागली का?

आमच्या गावात पेरणी कधी करायची हे एका माणसाच्या झोपेवर ठरत असे. आप्पांना तुमच्या रानात झोप लागली तर तिफण जुंपायची, नाही लागली तर थांबायचं. गंमत म्हणून लिहीत नाही. मी सोसायटीच्या बी-खताच्या दुकानावर बसते. पाऊस पडून गेल्यावरही एखादा सभासद बी न उचलता नुसताच दारात घुटमळायला लागला की मी विचारायची, काय झालं? तो मान खाली घालून सांगायचा, "आप्पाला झोप लागंना आमच्या रानात."

आप्पा म्हणजे ज्ञानोबा आप्पा. आमच्या भावकीतले, नात्यानं माझे चुलत सासरे, आणि आमच्या घरासमोरच्या घरात एकटेच राहणारे. आता ते नाहीत, त्यामुळे हे लिहायला हरकत नाही.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. जमीन हलकी, मुरमाड. विहिरी आहेत, पण नावाला. वरून पडेल त्याच पाण्यावर बाजरी आणि तूर घ्यायची. असल्या जमिनीत बी टाकायची वेळ फार थोडी असते. पाऊस पडला म्हणून घाई केली तर वरची माती ओली आणि खालची उन्हाळ्याची तापलेली, उगवलेला कोंब तिथंच भाजून जातो. फार थांबलं तर ओल उडून जाते. या दोन्हींच्या मधे जो वाफसा येतो तो कोणी मातीचा गोळा करून बघतं, कोणी ढेकूळ फोडून बघतं. आप्पा पाठ लावून बघायचे.

दुपारचं जेवण झालं की ते निघायचे. बोलावलेल्या रानात जायचे, सदरा काढून त्याची घडी उशाला घ्यायचे, टोपी तोंडावर ओढायचे आणि उघडी पाठ मातीला लावून उताणे पडायचे. रानमालक बांधावर बसून राहायचा. पोरांना ओरडू द्यायचं नाही, कुत्रं हाकलायचं, बैलाच्या गळ्यातली घंटी काढून ठेवायची. तास-दीड तास तिथं कोणीही मोठ्यानं बोलायचं नाही. वर ढग सावकाश सरकतायत, त्यांच्या सावल्या माळावरून चालल्यात, आणि मधे एक म्हातारा तोंडावर टोपी घेऊन निवांत पडलाय. मी एक-दोनदा कामानं तिकडून गेले तेव्हा माझेही डोळे जड झाले, आणि मला दिवसा झोप येत नाही.

घोरायला लागले तर रानमालक तिथूनच घराकडे पळायचा. पाठ खाजवत उठले तर मात्र काही खरं नसायचं. "धग हाय अजून," एवढंच म्हणायचे आणि सदरा झटकायचे.

एकदा नवीन कृषी सहायक मोटारसायकलवरून आले होते. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. पाणी मारलं, पाटोद्याच्या दवाखान्यात न्यायची तयारी केली. आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "साहेब, मी कामावर हाय." मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. साहेब तरुण होते, हसरे होते. म्हणाले, बघू तरी, आणि शर्ट काढून शेजारी आडवे झाले. दिवस कलायला लागला तरी दोघंही उठले नाहीत. साहेबांची त्या दिवशीची बाकीची गावं राहिली. जाताना म्हणाले, नोकरी लागल्यापासून इतकी झोप लागली नव्हती.

जमीन कशी असायला हवी, असं विचारलं तर आप्पा सांगायचे, "न्हाऊन उठल्याली बाई दारात केस वाळवत बसती ना, तशी पायजे. वली न्हाई, कोरडी न्हाई. तवा तिच्याशी बोलावं."

वाफसा हा शब्द त्यांनी शेतापुरता ठेवला नव्हता. माझ्या थोरलीला चौसाळ्याचं स्थळ आलं तेव्हा म्हणाले, "पोरीला अजून वाफसा न्हाई, शिकू दे." हे मला पटलं. पण सोसायटीच्या सभेत एखादा ठराव आला की हात वर करायच्या आधी तेच. चेअरमन चिडायचे, "आप्पा, ह्यो ठराव हाय, बाजरी न्हाई." आप्पांचा एक दात हलत होता, तोही त्यांनी वाफसा येण्याची वाट बघत तोंडात ठेवला होता. भाकरी थापताना मी पिठात पाणी घातलं की ते दारातून वाकून बघायचे. मी त्यांना एकदा सांगितलं, चुलीपाशी यायचं नाही. त्यानंतर आले नाहीत, दारातच उभे राहायचे.

ढगांच्या बाबतीत त्यांचं वेगळंच. आमच्या डोंगरावर ढग येतात भरपूर, थांबत नाहीत. आप्पा ओसरीवर बसून एकेकाकडे बघायचे आणि स्टँडवरच्या कंट्रोलरसारखं सांगायचे, "ह्यो पाटोद्याचा. ह्यो चौसाळ्याला उतरतोय. त्यो काळा दिसतोय त्यो थेट माजलगावला, मधी कुठं थांबायचा न्हाई." मी विचारायची, "आपल्या गावाचा?" तर ते म्हणायचे, "आपला मागून येतो. त्याला गर्दी आवडत न्हाई."

माजलगावकडे त्यांची लेक दिली आहे. धरणाचं पाणी, कालवे, बारा महिने ऊस. आई गेल्यावर लेकीनं बापाला हट्टानं नेलं, आता इथंच राहा म्हणाली. आठवडा झाला नसेल, आप्पा एसटीतून उतरले. काय झालं म्हटलं तर सांगायला लागले, की जेवण उत्तम, माणसं उत्तम, पण तिथल्या जमिनीवर पाठ टेकली की लगेच झोप लागते. कधीही लागते. "त्याला काय मज्या हाय का? ती जिमीन कुणालाबी झोपू देती."

आता कोणाला वाटेल, हा माणूस कधी चुकत नसेल. तसं नव्हतं. बी माझ्या हातून जातं, कोणाचं साधलं आणि कोणाचं जळालं ते मला माहीत असतं. आप्पा पुष्कळदा बरोबर ठरायचे, कधी सपशेल चुकायचे. एकदा तर नुसत्या भरल्या पोटामुळे झोपले होते, आणि त्या रानमालकानं विश्वासानं पेरलं. पण लोक त्यांना बोलवत राहिले, याचं कारण मला वेगळं वाटतं. पाऊस पडला की माणसाचा जीव राहत नाही, हात शिवशिवतात. आप्पांची दुपारची झोप म्हणजे गावाला थांबायला मिळालेलं एक निमित्त होतं.

त्यांची सगळ्यात मोठी चूक मात्र त्यांच्या स्वतःच्या घरात झाली.

बाळू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. पाऊस चांगला झाला, सगळ्यांनी पेरण्या उरकल्या, आणि आप्पा रोज रानात जाऊन पडायचे आणि पाठ खाजवत परत यायचे. बाळू रोज विचारायचा, आप्पा म्हणायचे, उद्या. असं करता करता वारं सुटलं, ओल गेली, आणि पुढं पाऊस आलाच नाही. ज्यांनी पेरलं होतं त्यांना थोडंफार तरी मिळालं. यांचं रान पडीक राहिलं. दिवाळीनंतर बाळू आणि त्याची नवी नवरी ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेले. ते घर त्याआधी कधी कोयता घेऊन बाहेर पडलेलं नव्हतं.

परत आला तो वेगळा राहायलाच. वाटणी मागितली, मधे बांध घातला, घर वस्तीवर बांधलं. आणि बापाशी बोलणं बंद केलं. भांडणसुद्धा नाही, नुसतं बंद. समोरून आले तर बाजूला बघायचा. चार लोकांत आप्पांचा विषय निघाला तर "म्हातारं" म्हणायचा. आणि एक नेम धरला, बाप करेल त्याच्या उलट करायचं. आप्पांनी बाजरी टाकली की हा मूग टाकणार. आप्पा वरच्या वाटेनं गेले की हा खालच्या. आप्पांनी बैल काळा घेतला म्हणून यानं धोंडराईच्या बाजारातून हुडकून पांढरा आणला. गावाला करमणूक झाली. दरवर्षी लोक आप्पांकडे विचारायला यायचे, "झोप लागली का?" आणि मग एकमेकांना हळूच म्हणायचे, "म्हंजे बाळू आज पेरीत न्हाई."

हे असं वर्षानुवर्षं चाललं. आप्पा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त बाळूच्या बाजूचं रान बघायला त्यांना कोणी बोलवत नसे, म्हणून ते आपल्या बाजूला बांधाला लागून झोपायचे.

मग मोठा दुष्काळ आला. टँकर, चारा छावणी, सगळं बघितलं. छावणीत आप्पांनी आपले दोन्ही बैल कसेबसे जगवले. त्याच्या पुढच्या वर्षी तालुका संघाकडून सोसायटीला बाजरीचं बी आलं ते मोजकंच, प्रत्येक सभासदाला एक पिशवी. वाटप झालं की गोदाम झाडून ठेवायचं. दुबार पेरायची वेळ आली तर गावात दाणा नव्हता, बाजारात घ्यायची कोणाची ताकद नव्हती. हे मी प्रत्येकाला पिशवी देताना तोंडावर सांगत होते.

पाऊस त्या साली मृगाच्या आधीच आला, जोराचा. दोन दिवसांनी आप्पा पाच-सहा जणांच्या रानात पडून आले. कुठंच डोळा लागला नाही. पारावर येऊन त्यांनी सांगून टाकलं, वरवर ओल आहे, खाली धग आहे, कोणी पेरू नका. गावानं ऐकलं. चेअरमननी नाही ऐकलं, कारण ते चेअरमन.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी बाळू बी न्यायला आला.

मी त्याला म्हटलं, बाळू, थांब जरा, एकच पिशवी आहे. तो म्हणाला, "वैनी, तुमी म्हाताऱ्याचं बोलू नका. त्याच्या नादानं एकदा कोयता हातात आला. अवंदा पोरगी शाळेत घालायची हाय. उद्या सकाळीच पेरतो." त्याची मुलगी सहा वर्षांची झाली होती. दिवाळीनंतर पुन्हा तोडीला जावं लागलं तर तीही कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाणार, शाळा गेलीच. हे त्याला कळत होतं, म्हणूनच तो घाई करत होता. पिशवी त्याच्या हक्काची होती. मी दिली.

संध्याकाळी शटर ओढत होते तेव्हा आप्पा आले आणि ओट्यावर बसले.

"सूनबाई, बाळूनं बी नेलं?"

"नेलं."

"कवा पेरतो म्हणला?"

"उद्या सकाळी."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी पारावर बोलाया नको होतं. मी नको म्हणलो म्हणून त्यो पेरतोय." मी म्हटलं, तसंच दिसतंय. आप्पा उठले, पुन्हा बसले.

"उद्या दुकान दुपारनं उघड. माझ्या चाड्यावर मूठ धराया ये."

तिफणीच्या वर बी टाकायचं जे लाकडी भांडं असतं ते चाडं. त्यात मुठीनं बारीक धार धरून बी सोडत तिफणीमागून चालायचं. आमच्याकडे हे बायकांचं काम. त्यांच्या घरात आता ते करणारं कोणी नव्हतं, म्हणून मी दोन-तीन वर्षं जात होते. पण त्या दिवशी मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"आप्पा, तुम्हीच म्हणलात धग हाय."

"हाय ना. लई हाय."

"मग?"

"बी न्हाई टाकायचं," आप्पा म्हणाले. "नुसती मूठ धरायची. मी पेरतोय म्हणल्यावर त्यो पेरील का?"

मी विचार केला. बाळू पेरणार नाही, हे नक्की होतं. मग मी म्हटलं, तुम्ही पेरताना बघून गाव पेरेल त्याचं काय? त्यांनी तेही बघून ठेवलं होतं. त्यांचं रान डोंगराच्या आडाला, पारावरून काय, रस्त्यावरूनही दिसत नाही. दिसतं ते फक्त बाळूच्या वस्तीवरून.

मी शहाणी बाई आहे. लोकांचे व्यवहार बघते, उगाच कुठल्या भानगडीत पडत नाही. पण सकाळी गेले. एक सुचवलं मात्र, की रिकामी ओटी लांबूनही ओळखू येते. घरून जुना टॉवेल नेला होता तो पदरात कोंबून ओटी भरलेली केली. आप्पा खूश झाले.

त्यांनी तिफणीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, बैल हाकले. मी मागं, चाड्यावर हात धरून. माती वरून काळसर, पायाला गार लागत होती, आणि फण जिथं खोल जात होता तिथून ऊन वाफ येत होती. डोंगरावरून कोवळं ऊन उतरत होतं. कुठं आवाज नाही, बैलांच्या श्वासाचा तेवढा. रिकामी मूठ उघडत-झाकत मी चालले होते आणि नळ्यांतून काहीच खाली जात नव्हतं. दोन-चार फेऱ्या झाल्यावर मला झोपेत चालल्यासारखं वाटायला लागलं. मधेच आप्पा मागं न बघता म्हणाले, "दाट पडतंय सूनबाई. हात आखड."

आणि मी हात आखडला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं बाळू पांढऱ्या बैलांची जोडी घेऊन आला, मागं डोक्यावर पाटी घेऊन बायको. बांधाशी येऊन थांबला. आप्पांनी बैलांना मुद्दाम मोठ्यानं हाक दिली. बाळूनं बघितलं, पुन्हा बघितलं, मग बायकोला म्हणाला, ते आम्हाला ऐकू जावं असंच म्हणाला, "म्हातारं पेरतंय. आज न्हाई पेरायचं. चल घरी." त्यानं तिफण लिंबाखाली टेकवली आणि बैल वळवले.

मी म्हटलं, आप्पा, झालं, चला. दुकानासमोर माणसं खोळंबली असतील. आप्पा ऐकेनात. अर्धं रान सोडलं तर तो ओळखेल म्हणाले. सगळं रान पेरलं आम्ही. काही न टाकता, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.

बापाचं उगवतं का बघत बाळूनं पिशवी तशीच ठेवली. आठवड्याभरात चेअरमनची बाजरी उगवली आणि उन्हानं करपून गेली. बी खराब होतं म्हणून ते माझ्याशी भांडून गेले. आप्पांचं रान उघडं ते उघडंच. ही बातमी बाळूनंच गावात नेली, आणि मग पारावर जे झालं ते मला आवडलं नाही. लोक म्हणायला लागले, आम्हाला थांबवलं आणि स्वतः गुपचूप पेरून मोकळा झाला. एक जण त्यांच्या तोंडावर म्हणाला, "काय आप्पा, आमच्या रानात झोप येत न्हाई, आन् तुमच्या रानात बरी येती." ज्यांना ते वर्षानुवर्षं पेरणीची वेळ सांगत आले होते तीच माणसं. मी सांगू का, असं त्यांना विचारलं. म्हणाले, "उगं ऱ्हा." त्यानंतर त्यांना पाठ लावायला बोलावणारी माणसं कमीच झाली. ते ओसरीवर बसून ढगांची गावं सांगायचे, ऐकायला मी.

मृग निम्मा सरल्यावर पाऊस आला तो शांत, रात्रभर पडणारा. उघडीप झाली, आणि मला आप्पांनी पुन्हा बोलावलं. या वेळी ओटीत बाजरी होती. बाळू पलीकडे पेरत होता. बाप गेल्या वेळी फसला म्हणून की काय, या वेळी त्यानं आमच्याकडे बघितलंच नाही, आपल्या रानात त्याची तिफण आधीच फिरत होती. त्याची बायको चाड्यावर, पोरगी बांधावर बसलेली.

दोन्ही तिफणी एकदा बांधापाशी समोरासमोर आल्या. बाळूनं बैल थांबवले. चेहऱ्यावर हसू होतं, कुचकं.

"काय आप्पा," तो म्हणाला, "मागल्या बारीला कावून उगवलं न्हाई तुमचं?"

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. मला राग आला. तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी हातानं मला थांबवलं. बैलांच्या पाठीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. बाळू वाट बघून पुढं गेला.

आम्ही वळलो. रानाच्या मध्यावर आलो तेव्हा आप्पांनी विचारलं, "काय म्हणला गं?"

"तुमची चेष्टा केली. उगवलं न्हाई म्हणून."

"ते न्हाई. त्याच्या आधी."

मला जरा आठवावं लागलं. "काय आप्पा, म्हणला."

"हां," ते म्हणाले. "आप्पा म्हणला."

मग त्यांनी बैल हाकले. मी चाड्यावर मूठ धरून मागं चालत राहिले, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पण आयुष्यभर सुतात तिफण चालवणारा माणूस, तिथून पुढं त्याची तिफण भलतीकडेच वाहवत गेली. मी बी सोडत राहिले. बाजरी उगवून आली तेव्हा भर रानात तिफणीच्या त्या फेरीच्या तीन ओळी वाकड्या दिसत होत्या, बांधाकडे झुकलेल्या.